डबे उघडणारा सुरा

अमेरिकेत एक सुरा मिळतो. पातं सात इंचांचं, काळपट, चमक नसलेलं. मूठ चामड्याच्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबून केलेली, तपकिरी, आडव्या खाचांची. पात्याच्या मुळाशी आणि म्यानावर ‘यूएसएमसी’ ही अक्षरं, म्हणजे युनायटेड स्टेट्स मरीन कोअर. या सुऱ्याच्या स्मारक आवृत्त्याही निघतात. एक इवो जिमाच्या लढाईच्या आठवणीसाठी, एक कोरियाच्या, एक व्हिएतनामच्या. कोणी तो कमरेला लावून जंगलात कॅम्पिंगला जातो, कोणी पेटीत ठेवून पाहुण्यांना दाखवतो. त्याचं नाव के-बार.

मी तो पहिल्यांदा पाहिला इंजिनिअरिंगला असताना, हॉस्टेलच्या खोलीत, लॅपटॉपवर. ‘द पॅसिफिक’ ही दुसऱ्या महायुद्धावरची मालिका आम्ही रात्री जागून संपवली होती. त्यातल्या प्रत्येक मरीनच्या कमरेला हा सुरा. तेव्हा वाटलं होतं, माणूस मारण्यासाठी याहून नेमकं हत्यार कोणी घडवलं नसेल. मालिका ज्या आठवणींवर उभी आहे त्यांपैकी एक पुस्तक नंतर वाचलं, मग या सुऱ्याचा इतिहास शोधत गेलो, आणि दोन गोष्टी हाती लागल्या. एक, हा सुरा टिकला तो मारण्यापेक्षा डबे उघडण्यामुळे. दुसरी गोष्ट कुठल्याही स्मारक आवृत्तीवर कोरलेली नाही आणि कोरली जाणारही नाही. तिच्याकडे येण्याआधी पहिली सांगतो.

कांशाची मूठ

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. तेव्हा अमेरिकी सैन्याच्या कोठारात हातघाईच्या लढाईसाठी जो सुरा होता, तो आधीच्या महायुद्धाचा होता. १९१८ चा ट्रेंच नाइफ, मार्क वन. दिसायला भयंकर. मूठ ओतीव कांशाची, तिच्यात चार बोटं घालायच्या चार कड्या, त्यांच्यावर टोकं, म्हणजे ठोसा मारला तरी समोरच्याचा चेहरा फुटावा. पातं दुधारी.

कागदावर हे सगळं जोरदार वाटतं. पण हातात घेतल्यावर अडचण कळते. बोटं कड्यांमध्ये अडकली की सुरा एकाच पद्धतीने धरता येतो. पकड बदलता येत नाही. दोरी कापायची, फांदी तोडायची, खुंटी ठोकायची, यातलं काहीच नीट जमत नाही. बनवायला महाग, आणि वर युद्धात मोलाचा झालेला धातू खाणारा.

मरीन कोअरच्या ‘रेडर’ तुकड्यांसाठी १९४२ मध्ये दुसरा प्रयोग झाला. या तुकड्या शत्रूच्या बेटांवर छापे घालण्यासाठी उभ्या केल्या होत्या. ब्रिटिश कमांडोंकडे फेअरबर्न-साइक्स नावाची सडपातळ, दुधारी कट्यार होती. तिच्यावरून अमेरिकनांनी आपली ‘रेडर स्टिलेटो’ काढली. निमुळती, देखणी, फक्त भोसकण्यासाठी. मूठ जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. काही काळाने ती मूठ ठिसूळ होऊन तुटायची. पात्याचं टोक इतकं बारीक की तिरका जोर पडला की मोडायचं.

थोडक्यात, एक सुरा ठोसा मारण्यासाठी बनवला, दुसरा भोसकण्यासाठी. दोन्ही बनवताना सैनिकाच्या दिवसातली पाच मिनिटं डोळ्यांसमोर होती. उरलेल्या तेवीस तास पंचावन्न मिनिटांचं काय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

सैनिकांनी मात्र उत्तर आधीच शोधलं होतं. अनेक मरीन आपल्या पैशाने शिकारीचे सुरे विकत घेऊन जात होते. मार्बल्स, वेस्टर्न अशा कंपन्यांचे, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत हरणं सोलायला वापरले जाणारे. चामड्याची मूठ, रुंद पातं, एका बाजूला धार. घरी वडिलांकडे असायचा तसाच.

दोन अधिकारी, एक नकार

१९४२ मध्ये मरीन कोअरचे कर्नल जॉन डेव्हिस आणि मेजर हॉवर्ड अमेरिका (आडनाव खरंच अमेरिका) हे शिकारीच्या या सुऱ्यांना सैन्याच्या कामाचं रूप देत होते. सोबत न्यूयॉर्क राज्यातल्या ओलिअन गावची युनियन कटलरी ही कंपनी होती. पातं जरा लांब आणि मजबूत केलं. पात्यावर उथळ पन्हळ काढली. हात पात्यावर घसरू नये म्हणून मुठीपुढे आडवी पोलादी पट्टी दिली. मुठीच्या टोकाला पोलादी टोपी बसवली, म्हणजे तिने हातोडीसारखं ठोकताही येईल. चकचकीत पॉलिशऐवजी पात्याला फॉस्फेटचा काळपट थर दिला. त्याने उन्हात किंवा चांदण्यात पातं चमकत नाही आणि गंजही उशिरा धरतो. या रचनेला क्रमांक मिळाला १२१९सी२.

चाचण्या झाल्या, शिफारस झाली, आणि फाइल अडली. मरीन कोअरच्या क्वार्टरमास्टरने, म्हणजे सामानसुमानाच्या खात्याच्या प्रमुखाने, ऑर्डर द्यायला नकार दिला. हा नकार थेट कमांडंटने, कोअरच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, फिरवला. २३ नोव्हेंबर १९४२ ला सुरा अधिकृतपणे स्वीकारला गेला. जानेवारी १९४३ च्या अखेरीस पहिला माल निघाला.

गंमत म्हणजे हा पहिला माल युनियन कटलरीचा नव्हता. तो निघाला कॅमिलस या दुसऱ्या कंपनीतून, आणि युद्धकाळात सर्वाधिक सुरे बनवले तेही कॅमिलसनेच. युनियन कटलरीने दहा लाखांहून जास्त बनवले. रॉबसन आणि पाल या कंपन्याही होत्या. नौदलाला स्वतःच्या सुऱ्यांची पाती मोडण्याचा त्रास होत होता, त्यांनीही हीच रचना उचलली आणि तिला ‘युटिलिटी नाइफ मार्क टू’ म्हटलं. युटिलिटी, म्हणजे कामाचा, वापराचा. त्या नावातला प्रामाणिकपणा मला आवडतो.

पन्हळीचं रक्त

पात्यावरच्या पन्हळीबद्दल एक दंतकथा जगभर चालते. तिला ‘ब्लड ग्रूव्ह’ म्हणतात. सांगतात की सुरा शरीरात घुसला की मांस त्याला धरून ठेवतं, पन्हळीतून हवा आत शिरते, रक्त बाहेर वाहतं आणि सुरा सहज ओढून काढता येतो. ऐकायला थरारक आहे, आणि चूक आहे. धारदार पातं जसं आत जातं तसं बाहेर येतं. त्याला हवेची वाट लागत नाही.

पन्हळीचं खरं काम इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं असतं. आय-बीम आठवा. तुळई वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या कडेला येतो, मधल्या धातूला फारसं काम नसतं. म्हणून मधला भाग बारीक केला तरी चालतो. सुऱ्याने फांदीवर घाव घालताना जोर धारेकडून पाठीकडे येतो. तेव्हा पात्याच्या मधून थोडा धातू काढला तर वजन कमी होतं, आणि त्या दिशेची ताकद जवळजवळ तेवढीच राहते. पन्हळीचा हिशेब ग्रॅमचा आहे, रक्ताचा नाही.

बाकीचे निर्णयही असेच साधे होते. पोलाद १०९५, म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बनचं. कडक होतं, छान धार घेतं, दगडावर घासून पुन्हा लावताही येते. तोटा एकच, ते स्टेनलेस नाही, तेल लावलं नाही तर गंजतं. चामड्याची मूठ उन्हात तापलेल्या धातूसारखी हाताला चटका देत नाही आणि घामाने निसटत नाही. पण पॅसिफिकच्या दमट बेटांवर चामड्यालाही बुरशी यायची. सुरा परिपूर्ण नव्हता, पुरेसा होता, आणि लाखोंनी बनवता येत होता.

अस्वलाची गोष्ट

नावाकडे येऊ. युनियन कटलरीने ‘के-बार’ हा ट्रेडमार्क १९२३ मध्ये घेतला, युद्धाच्या जवळपास वीस वर्षं आधी. कंपनी सांगते ती कथा अशी. जंगलात फासे लावून फर मिळवणाऱ्या एका माणसाचं पत्र आलं. जखमी अस्वल त्याच्या अंगावर आलं, बंदूक अडकली, तेव्हा त्याने कंपनीच्या सुऱ्याने अस्वलाला मारलं. पत्रातली भाषा मोडकी, अक्षर गिचमिड. ‘किल अ बेअर’ या शब्दांतलं जेमतेम ‘के ए बार’ एवढंच वाचता येत होतं. तेच नाव ठेवलं.

कथा खरी असो वा रचलेली, सुरा कसा विकायचा हे कंपनीला १९२३ मध्येच कळलं होतं. तिच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांच्या अंगावर आयुष्यात कधी अस्वल येणार नव्हतं. तरी सुरा घेताना खिशात थोडं अस्वल येतं, आणि त्याचे पैसे माणूस आनंदाने देतो.

युद्धात युनियन कटलरीने आपल्या सुऱ्यांवर पात्याच्या मुळाशी ‘के-बार’ हे नाव ठोकलं. छोटं, लक्षात राहणारं. मरीन सैनिकांच्या तोंडी ते इतकं बसलं की कॅमिलसने बनवलेला सुराही त्यांच्यासाठी के-बारच झाला. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. जिने जास्त सुरे बनवले त्या कॅमिलसचं नाव मागे पडलं. २००७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत बंद झाली. युनियन कटलरीने १९५२ मध्ये स्वतःचंच नाव बदलून के-बार करून घेतलं.

पेलेलिऊ

आता त्या पुस्तकाकडे. युजीन स्लेज हा अलाबामातल्या मोबाइल शहराचा, १९२३ चा जन्म. पहिल्या मरीन डिव्हिजनमध्ये उखळी तोफेच्या तुकडीत होता. खिशातल्या बायबलमध्ये तो चोरून नोंदी करायचा. युद्धानंतर तो जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि १९८१ मध्ये त्या नोंदींवरून त्याने ‘विथ द ओल्ड ब्रीड’ हे पुस्तक काढलं.

नव्या पोरांना लढाईसाठी तयार करताना एक जुना मरीन त्यांना सुऱ्यांबद्दल सांगतो, असा प्रसंग त्यात आहे. लोक भारी भारी सुऱ्यांच्या गप्पा मारतात, पण ते बहुतेक सुरे शेवटी घेवड्याचे डबेच उघडतात, आणि डबे उघडायलाही के-बारच बरा, असा त्याचा सूर. कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मला ही शिफारस जास्त पटते.

१५ सप्टेंबर १९४४ ला स्लेजची डिव्हिजन पेलेलिऊ बेटावर उतरली. फिलिपीन्सच्या पूर्वेला, पोवळ्याच्या खडकाचं छोटंसं बेट. डिव्हिजनच्या जनरलचा अंदाज होता की काम चार दिवसांत आटपेल. लढाई नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत चालली. सुमारे अकरा हजार जपानी सैनिक गुहांमध्ये होते. ते जवळजवळ सगळे मेले. अमेरिकेचे सुमारे अठराशे. ऊन चाळीस अंशांच्या वर, पाणी कमी, आणि जमीन म्हणजे कठीण खडक. खड्डा खणायचा तर फावडं उसळायचं. प्रेतं पुरता यायची नाहीत.

रात्री जपानी सैनिक एकेकटे सरपटत अमेरिकनांच्या खड्ड्यांपर्यंत यायचे. अंधारात गोळी झाडली तर आपली जागा कळते, आणि शेजारच्या खड्ड्यातल्या आपल्याच माणसाला लागू शकते. अशा वेळी हातातला सुरा हाच आधार. दोघांच्या खड्ड्यात एक झोपायचा, दुसरा टक्क जागा. म्हणजे त्या पाच मिनिटांसाठीही के-बार होता, हे खरंच. पण सकाळ झाली की त्याच सुऱ्याने डबा फोडून थंड स्ट्यू खायचा. त्यानेच लाकडी खोकी उघडायची, दोर कापायचा, मुळं तोडायची, खुंटी ठोकायची. माणूस आपल्या भांड्याकुंड्यांवर जीव लावतो तसा या सुऱ्यावर सैनिकांचा जीव बसला, आणि त्यामागे ही रोजची कामं होती, असं मला वाटतं. लढाईतली शस्त्रं परत करावी लागतात. सुरा अनेकांनी घरी नेला.

जे कोरलेलं नाही

दुसरी गोष्ट याच बेटावरची आहे, याच पुस्तकातली.

मेलेल्या जपानी सैनिकांच्या तोंडातले सोन्याचे दात काढून नेणं काही मरीन करत होते. एक दिवस स्लेजने पाहिलं, एक मरीन असाच एकाला ओढत होता. तो मेलेला नव्हता. पाठीत जबर जखमी होता, हात हलवता येत नव्हते. मरीनने के-बारचं टोक दाताच्या मुळाशी धरलं आणि मुठीवर हाताने ठोकलं. जखमी माणूस धडपडत होता म्हणून टोक निसटलं आणि तोंडात खोल गेलं. मरीन चिडला आणि त्याने त्याचे गाल चिरले. स्लेज ओरडला, त्याला मारून तरी टाक. उत्तरात शिवी मिळाली. शेवटी दुसऱ्याच एकाने धावत येऊन जखमी माणसाला गोळी घातली, आणि पहिला आपलं काम करत राहिला.

मुठीच्या टोकाची ती पोलादी टोपी ठोकण्यासाठी दिली होती. खुंट्या ठोकण्यासाठी.

स्लेज स्वतःला यातून वगळत नाही, हे त्या पुस्तकाचं मोठेपण आहे. पुढे एकदा तोही एका प्रेताचे दात काढायला वाकतो. तुकडीतला वैद्यकीय सहायक त्याला हळूच थांबवतो, जंतू असतात म्हणून. नंतर स्लेजला उमगतं की जंतूंचं निमित्त होतं. आपण माणूस म्हणून संपत चाललो होतो आणि मित्राने सावरलं.

हे एखाद-दुसऱ्याचं वेड नव्हतं. शत्रूच्या शरीराचे भाग आठवण म्हणून घेऊ नयेत, असे आदेश नौदलाला १९४२ मध्येच काढावे लागले होते. मे १९४४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने एक फोटो छापला होता. एक तरुणी टेबलाशी बसून प्रियकराला पत्र लिहिते आहे, टेबलावर त्याने पॅसिफिकहून पाठवलेली जपानी सैनिकाची कवटी. जपानी सैन्याने त्या युद्धात केलेले अत्याचार प्रचंड होते, आणि ती बेटं घेताना मरीन सैनिकांनी जे सोसलं तेही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. स्लेजच्या पुस्तकात त्या शेजारी शेजारी आहेत. पात्यावर कोरताना एकीलाच जागा असते.

पेटीतला सुरा

युद्ध संपलं आणि ऑर्डरी थांबल्या. उरलेले सुरे स्वस्तात विकले गेले. व्हिएतनाममध्येही मरीन सैनिकांकडे हाच सुरा दिसतो. मग १९७० च्या दशकाच्या मध्यात, मरीन कोअरला दोनशे वर्षं झाली त्या निमित्ताने, ओलिअनच्या कारखान्याने मर्यादित संख्येची स्मारक आवृत्ती काढली. ती इतकी खपली की सुऱ्याचं नियमित उत्पादन पुन्हा सुरू झालं. आज आपण जो के-बार पाहतो तो सरळ युद्धातून चालत आलेला नाही. मधे तीस वर्षांची खोट आहे, आणि त्या खोटीवरचा पूल आहे संग्राहकांचा.

काळ लक्षात घ्या. व्हिएतनामचं युद्ध नुकतंच हरून झालं होतं. त्या पिढीला अभिमानाने हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि वडिलांचं युद्ध हे जिंकलेलं, निःसंशय युद्ध होतं. स्मारक सुरा त्या भुकेला आला. मी याला नुसता धंदा म्हणून उडवून लावणार नाही. वडील युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत, मागे फक्त सुरा राहिला, अशी घरं अमेरिकेत पुष्कळ होती. ज्यांना तो वारशात मिळाला नाही त्यांनी विकत घेतला, एवढंच.

पण संग्राहकांच्या जगाचा एक नियम मला अस्वस्थ करतो. तिथे किंमत असते न वापरलेल्याला. स्मारक सुऱ्याला धार लावली, त्याने दोर कापला, पात्यावर ओरखडा आला, की भाव उतरतो. पेटी उघडून पुन्हा बंद करावी, एवढाच त्याचा वापर. ज्या सुऱ्याने मार्क वन आणि स्टिलेटोला मागे टाकलं ते फक्त कामाचा असल्यामुळे, त्याचा सर्वात मौल्यवान नमुना आज तो आहे ज्याने काहीच काम केलेलं नाही. डबा नाही, खुंटी नाही, आणि अर्थातच दातही नाही. तो दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे.

म्हणून कॅम्पिंगला के-बार नेऊन त्याने लाकूड फोडणारा, कांदा चिरणारा आणि मग तेल लावून ठेवणारा माणूस मला या सुऱ्याच्या जास्त जवळचा वाटतो.

स्लेजच्या पिढीने घरी फक्त सुरे नेले नाहीत. मेलेल्या जपानी सैनिकांच्या खिशातले झेंडेही नेले, ज्यांच्यावर गावकऱ्यांनी आणि नातेवाइकांनी शाईने सह्या करून मुलाला युद्धावर धाडलं होतं. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतली कुटुंबं हे झेंडे जपानला परत पाठवू लागली आहेत. आजोबा गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडतात. तळाशी झेंडा असतो. सह्या वाचून घेतल्या जातात, गाव शोधलं जातं, आणि कधी कधी तिकडे ऐंशीच्या घरातली एखादी बहीण तो हातात घेते.

त्याच ट्रंकेत बऱ्याचदा के-बारही असतो. त्याला परत पाठवायला पत्ता नाही. धार लावून लावून पातं अरुंद झालेलं, चामडं काळं पडलेलं, टोक किंचित मोडलेलं. टोक डब्यावर मोडलं की आणखी कशावर, ते आजोबांनी सांगितलेलं नसतं.